समुद्रात बेपत्ता नौकांचा शोध

समुद्रात बेपत्ता नौकांचा शोध म्हणजे ठरलेल्या वेळी बंदरात न परतलेल्या, संपर्क तुटलेल्या अथवा संकटात सापडल्याची वार्ता मिळालेल्या नौकेचा आणि तिच्यावरील माणसांचा पद्धतशीरपणे घेतला जाणारा माग होय. सागरी शोध व बचाव या व्यापक कार्याचा हा पूर्वार्ध आहे. नौका वा माणूस सापडल्यावर त्यास सुखरूप बाहेर काढणे हा त्याचा उत्तरार्ध मानला जातो. मासेमारीच्या होड्या, प्रवासी लाँचा, शिडाच्या नौका, तेलक्षेत्रातील तराफे तसेच जहाजावरून पाण्यात पडलेली एकटी व्यक्ती अशा सर्वांसाठी हा शोध घेतला जातो.

स्वरूप

जमिनीवर हरवलेल्या माणसाचा शोध आणि समुद्रातील शोध यांत एक मूलभूत फरक आहे. समुद्रात शोधावयाची वस्तू आणि तिच्याखालचे पाणी ही दोन्ही सतत हलत असतात. सकाळी ज्या ठिकाणी नौका बंद पडली, त्या ठिकाणी ती सायंकाळी नसते. त्यामुळे शोध घेणाऱ्यांना नौका कोठे होती याबरोबरच ती आता कोठे असू शकेल, याचेही उत्तर शोधावे लागते. जसजसा वेळ जातो तसतशी या उत्तरातील अनिश्चितता वाढत जाते.

ही वाढ साध्या गणिताने समजते. नौका एखाद्या बिंदूपासून ५ सागरी मैलांच्या आत आहे असे मानले, तर शोधावयाचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस सागरी मैल होते. हेच अंतर १० सागरी मैल झाल्यास क्षेत्र ३१४ आणि २० सागरी मैल झाल्यास सुमारे १,२५७ चौरस सागरी मैल होते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र चौपट होते. समजा, एखादे विमान ताशी १२० सागरी मैल वेगाने उडत असून त्यातून २ सागरी मैल रुंदीचा पट्टा नीट न्याहाळता येतो. असे विमान तासाभरात २४० चौरस सागरी मैल पाहू शकते. पहिले क्षेत्र त्याला वीस मिनिटांत पाहून होईल, तर शेवटच्या क्षेत्रास पाच तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणून शोधकार्यात पहिल्या काही तासांना सर्वाधिक महत्त्व दिले जाते.

आंतरराष्ट्रीय चौकट

समुद्रात संकटात सापडलेल्यास मदत करणे ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत आहे. तिला आंतरराष्ट्रीय कायद्याचे रूप विसाव्या शतकात मिळाले. १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘सोलास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कराराच्या सुधारित आवृत्त्या पुढे निघत गेल्या. संकटाची वार्ता मिळताच मदतीस धावून जाण्याचे बंधन त्यानुसार जहाजाच्या कप्तानावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराच्या ९८ व्या कलमातही हेच कर्तव्य नमूद आहे. संकटात सापडलेल्याचे राष्ट्रीयत्व अथवा त्याचा दर्जा यामुळे या कर्तव्यात फरक पडत नाही.

शोधाची जबाबदारी नेमकी कोणत्या देशाने उचलावी, हा प्रश्न २७ एप्रिल १९७९ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे संमत झालेल्या सागरी शोध व बचाव कराराने हाताळला. हा करार २२ जून १९८५ रोजी अमलात आला. पुढे जगातील सर्व समुद्रांची १३ विभागांत वाटणी करण्यात आली आणि त्यांत किनारी देशांना आपापली शोध व बचाव क्षेत्रे नेमून देण्यात आली. ही क्षेत्रे सार्वभौमत्वाच्या सीमा दर्शवीत नाहीत. ती केवळ जबाबदारीच्या सीमा दर्शवतात. शोधकार्याची कार्यपद्धती आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना यांनी मिळून काढलेल्या तीन खंडांच्या मार्गदर्शक ग्रंथात दिलेली आहे.

या कार्यपद्धतीनुसार प्रत्येक प्रकरण तीन अवस्थांतून पाहिले जाते. नौकेच्या सुरक्षिततेविषयी शंका आली की ती अनिश्चिततेची अवस्था. चौकशी करूनही ठावठिकाणा न लागल्यास सावधानतेची अवस्था. गंभीर धोका निश्चित वाटू लागल्यास संकटाची अवस्था. पहिल्या अवस्थेत प्रामुख्याने दूरध्वनी व बिनतारी संदेशांद्वारे चौकशी होते. नौका दुसऱ्याच बंदरात आसऱ्यास गेली आहे, असे पुष्कळदा या चौकशीतच उघड होते.

भारतातील व्यवस्था

भारतात सागरी शोध व बचावाच्या समन्वयाचे काम भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. या दलाची रीतसर स्थापना तटरक्षक अधिनियम, १९७८ अन्वये झाली. भारताचे शोध व बचाव क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे देशाच्या भूभागापेक्षा मोठे आहे. त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (श्री विजयपुरम) येथे सागरी बचाव समन्वय केंद्रे असून त्यांच्या अखत्यारीत किनाऱ्यावरील उपकेंद्रे काम करतात. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यासमोरील समुद्र मुंबई केंद्राच्या कक्षेत येतो. समुद्रातील संकटाची वार्ता देण्यासाठी १५५४ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

तटरक्षक दलाचे महासंचालक हे राष्ट्रीय सागरी शोध व बचाव मंडळाचे अध्यक्ष असतात. नौदल, वायुदल, बंदरे, हवामान विभाग, भारतीय अंतराळ संशोधन संस्था, किनारी राज्ये आणि मच्छीमार यांचा या व्यवस्थेत सहभाग असतो. प्रत्यक्षात बेपत्ता होडीजवळ सर्वांत आधी पोहोचणारी नौका अनेकदा शेजारी मासेमारी करणारी दुसरी होडी अथवा त्या मार्गाने जाणारे व्यापारी जहाज असते. अशा जहाजांची स्थाने ठाऊक असावीत, यासाठी ‘इंडसार’ ही स्वेच्छेने स्थान कळवण्याची पद्धती तटरक्षक दल चालवते.

संकटाची वार्ता

शोधाचा आरंभ वार्तेने होतो. वार्ता दोन प्रकारे मिळते : नौकेकडून आलेल्या संकेताने, किंवा नौकेकडून काहीच न आल्यामुळे. पहिल्या प्रकारात बिनतारी संचाच्या १६ व्या वाहिनीवरून दिलेली हाक, प्रकाशबाण, धूरसंकेत आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी संकटसूचक यंत्रे यांचा समावेश होतो.

‘कोस्पास-सारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणा कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांनी उभारली. तिच्या साहाय्याने पहिली सुटका १९८२ मध्ये झाली. ४०६ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर चालणाऱ्या यंत्राचा संकेत उपग्रह टिपतात. यंत्राची नोंदणी झालेली असल्यास नौका कोणाची आहे, हेही तत्काळ समजते. भारतात या यंत्रणेचे नियंत्रण केंद्र बंगळूर येथे आहे. चुकून सुरू झालेल्या यंत्रांमुळे खोट्या वार्ताही येतात. नोंदणीतील दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधून त्या वेगळ्या काढल्या जातात.

लहान मच्छीमार नौकांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने संकटसूचक प्रक्षेपक विकसित केला असून तो २०१० पासून वापरात आहे. त्याची दुसरी पिढी २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. पहिल्या यंत्रातून संदेश जात असे, परंतु तो पोहोचला की नाही हे नौकेवरील लोकांना कळत नसे. नव्या यंत्रात पोचपावती उलट येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला.

दुसऱ्या प्रकारची वार्ता अधिक अवघड असते. होडीवर कोणतेही यंत्र नसेल, किंवा ते सुरू करण्यास उसंतच मिळाली नसेल, तर शोध सुरू होण्याची वेळ ही किनाऱ्यावरील लोकांच्या लक्षात येण्याची वेळ असते. होडी कधी परतणार होती हे कोणासच नेमके ठाऊक नसेल, तर एक-दोन दिवस केवळ वाट पाहण्यात जातात.

शोधक्षेत्राची आखणी

शोधाचा आधारबिंदू म्हणजे नौकेचे शेवटचे ज्ञात स्थान. तेथून तिच्या वहनाचा अंदाज बांधला जातो. हे वहन मुख्यतः दोन घटकांनी ठरते : पाण्याचा प्रवाह, आणि पाण्यावर असलेल्या भागास लागणारा वारा. किनाऱ्याजवळ, विशेषतः खाड्यांच्या मुखाशी, भरती-ओहोटीचा ओघ महत्त्वाचा ठरतो व उधाणाच्या दिवसांत तो अधिक जोरकस असतो.

एकाच ठिकाणी पाण्यात पडलेल्या निरनिराळ्या वस्तू निरनिराळ्या दिशांना जातात. पाण्यात बुडालेला माणूस बहुतांशी प्रवाहाबरोबर वाहतो. हवा भरलेला जीवरक्षक तराफा वाऱ्याने वेगाने ढकलला जातो. त्यास समुद्री नांगर जोडल्यास हा वेग मंदावतो. उलटलेली होडी पाण्यात खोल बसत असल्याने तिला वारा कमी लागतो. वस्तू वाऱ्याच्या थेट दिशेने न जाता डावीकडे वा उजवीकडे कलून जाते आणि ती कोणत्या बाजूस कलेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून काही वेळाने शोधक्षेत्र दोन भागांत विभागले जाते. होडीचा प्रकार, इंजिनाची अवस्था, माणसांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे होती की नाही, असे प्रश्न समन्वय केंद्रातून विचारले जातात ते याच कारणासाठी.

या शास्त्राची पायाभरणी दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी झाली. अमेरिकी गणिती बर्नार्ड कूपमन यांनी शोधाचे संभाव्यताशास्त्र मांडले. त्यानुसार यशाची संभाव्यता ही दोन संभाव्यतांचा गुणाकार असते : वस्तू निवडलेल्या क्षेत्रात असण्याची, आणि क्षेत्रात असल्यास ती नजरेस पडण्याची. पहिली ६० टक्के आणि दुसरी ७० टक्के असल्यास यशाची संभाव्यता ४२ टक्केच भरते. एखादे क्षेत्र शोधून काही न मिळाल्यास ती माहितीही वाया जात नाही. त्या क्षेत्राची संभाव्यता कमी करून उरलेल्या क्षेत्रांची वाढवली जाते व दुसऱ्या दिवसाची आखणी त्यावर केली जाते.

अलीकडे हे काम संगणक करतो. काल्पनिक नौकांचे हजारो बिंदू आधारस्थानी सोडून प्रत्येक बिंदू वारा व प्रवाह यांच्या अंदाजानुसार वाहवत नेला जातो. बिंदूंची दाटी जेथे होते तेथे शोध प्रथम घेतला जातो. अमेरिकी तटरक्षक दल अशी प्रणाली २००७ पासून वापरते. भारतात हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने ‘सरत’ नावाची प्रणाली विकसित केली असून ती २०१६ मध्ये उपलब्ध झाली.

शोधाच्या पद्धती

क्षेत्र ठरल्यावर ते कसे पाहावयाचे याचे ठरावीक आकृतिबंध आहेत.

विस्तारणारा चौरस : स्थान बऱ्यापैकी निश्चित असल्यास त्या बिंदूपासून आरंभ करून वाढत्या चौरसांत बाहेर जाणे.
त्रिज्याखंड शोध : माणूस नुकताच पाण्यात पडला असल्यास एकाच बिंदूवरून वेगवेगळ्या दिशांना पुनःपुन्हा जाणे.
समांतर रेषा : क्षेत्र मोठे व स्थान अनिश्चित असल्यास शेतात नांगर फिरवावा तसे ओळीने जाऊन येणे.
मार्गशोध : नौकेचा नेहमीचा मार्ग ठाऊक असल्यास त्याच मार्गावरून व त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहणे.

विमाने मोठे क्षेत्र लवकर पाहतात. हेलिकॉप्टर कमी उंचीवरून निरखू शकते आणि माणसास वरही घेऊ शकते, मात्र त्याचा पल्ला मर्यादित असतो. जहाज दीर्घकाळ क्षेत्रात राहू शकते. इतकी साधने असूनही पाण्यावर तरंगणारे माणसाचे डोके आकाशातून नारळाएवढेच दिसते. लाटांचा पांढरा फेस व पाण्यावरची उन्हाची तिरीप यांत ते सहज हरवते. नारिंगी जाकीट, आरसा वा प्रकाशबाण असल्यास नजरेस पडण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

पाण्यात तग धरण्याची मुदत

शोध किती काळ चालवावा हे माणूस किती काळ जगू शकेल यावर अवलंबून असते. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. उत्तरेकडील थंड समुद्रात त्यामुळे माणूस काही तासांतच निकामी होतो. अरबी समुद्राचे पाणी उबदार असल्याने येथे मुदत अधिक मिळते. तथापि थकवा, ऊन व पिण्याच्या पाण्याचा अभाव हे धोके राहतातच. समुद्राचे पाणी प्यायल्यास शरीरातील पाणी अधिकच घटते.

या अंदाजांना अपवादही आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून निघालेले मच्छीमार होसे साल्वादोर आल्वारेंगा वादळात वाहवत गेले आणि जानेवारी २०१४ च्या अखेरीस प्रशांत महासागर ओलांडून मार्शल बेटांवर पोहोचले. त्यांच्यासोबतचा तरुण मात्र वाटेतच मरण पावला. त्यांच्यासाठीचा शोध फार आधीच थांबला होता.

काही शोधमोहिमा

अमेरिका, २०१३ : न्यूयॉर्क राज्यातील मोंटॉक येथून निघालेल्या मासेमारी नौकेवरून २४ जुलै २०१३ च्या पहाटे एक मच्छीमार समुद्रात पडला. सहकारी झोपेत होते; तो नक्की केव्हा पडला हे कोणास ठाऊक नव्हते. त्यामुळे आरंभीचे शोधक्षेत्र अतिशय विस्तृत होते. पुढे नौकेवरील तुटलेली मूठ व अर्धवट झालेली कामे यांवरून सहकाऱ्यांनी तो पडल्याच्या वेळेचा अंदाज बांधला. शोधक्षेत्र त्यानुसार बदलण्यात आले आणि सुमारे बारा तासांनी तो हेलिकॉप्टरला जिवंत सापडला. अंगावर जीवरक्षक जाकीट नसताना त्याने बुटांत हवा धरून त्यांच्या आधाराने तग धरला होता.

हिंदी महासागर, २०१८ : एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेची डोलकाठी २१ सप्टेंबर २०१८ रोजी वादळात मोडली. टॉमी यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियातील पर्थपासून हे ठिकाण सुमारे १,९०० सागरी मैल दूर होते. ऑस्ट्रेलियाच्या समन्वय केंद्राने मोहीम हाती घेतली, भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून येऊन नौका पाहिली आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. एवढ्या दूरच्या समुद्रात हे शक्य झाले, कारण नौकेचे स्थान उपग्रहामुळे सतत ठाऊक होते.

ओखी चक्रीवादळ, २०१७ : ३० नोव्हेंबर २०१७ च्या सुमारास कन्याकुमारीजवळ तीव्र झालेल्या या वादळात केरळ व तमिळनाडूचे मच्छीमार मोठ्या संख्येने सापडले. त्यांपैकी अनेक नौका अनेक दिवसांच्या मासेमारीसाठी खोल समुद्रात होत्या व त्यांच्याशी संपर्काचे साधन नव्हते. कोण समुद्रात आहे याची एकच विश्वसनीय यादी उपलब्ध नसल्याने शासनाचे व मच्छीमार वस्त्यांतील चर्चचे आकडे जुळत नव्हते. पुढे स्थानिक मच्छीमारांना शोधजहाजांवर सोबत घेण्यात आले, कारण होड्या कोणत्या मासेमारी क्षेत्रात असतील हे तेच सांगू शकत होते. दक्षिणेकडील ६८ नौका व ९५२ मच्छीमार सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सुखरूप पोहोचले. त्यांच्या घरी ही वार्ता जाईपर्यंत ते बेपत्ताच होते.

तौक्ते चक्रीवादळ, २०२१ : १७ मे २०२१ रोजी मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा नांगर तुटून वाहवत गेला व बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांपैकी १८६ जणांना नौदल व तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून वाचवले. काही मृतदेह पुढील दिवसांत रायगड आणि गुजरातमधील वलसाड जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर आढळले. ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला.

शोध स्थगित करणे व बेपत्तांचे कायदेशीर स्थान

संभाव्य क्षेत्र पुरेसे पाहून झाले आणि जिवंत सापडण्याची वाजवी शक्यता उरली नाही, की शोध स्थगित केला जातो. येथे ‘समाप्त’ न म्हणता ‘स्थगित’ म्हणण्यामागे कारण आहे. नवी माहिती मिळाल्यास तो पुन्हा सुरू होऊ शकतो आणि तोपर्यंत त्या भागातून जाणाऱ्या जहाजांना लक्ष ठेवण्यास सांगितले जाते. हा निर्णय कुटुंबीयांस कळवणे हे समन्वय अधिकाऱ्याच्या कामातील सर्वांत कठीण काम समजले जाते.

शोध थांबल्यावर कुटुंबापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. मृतदेह नसल्याने मृत्यूचा दाखला मिळत नाही आणि दाखल्यावाचून विमा, भरपाई, बँकेतील ठेव व नौकेची मालकी यांची कामे अडतात. सात वर्षे ज्याच्याविषयी काही ऐकू आले नाही, तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो, असे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या १०८ व्या कलमात होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये हीच तरतूद १११ व्या कलमात आहे. हातावर पोट असलेल्या खलाशाच्या कुटुंबास सात वर्षे हा काळ फार मोठा ठरतो. ओखीनंतर केरळ शासनाने बेपत्ता मच्छीमारांच्या कुटुंबांना मृतांच्या कुटुंबांप्रमाणेच साहाय्य देण्याचा निर्णय घेतला.

शोध सुलभ करणाऱ्या गोष्टी

वरील मोहिमांतून दिसते की शोधाचे यश बऱ्याच अंशी नौका किनारा सोडण्यापूर्वीच ठरलेले असते. स्थान ठाऊक असल्यास दूरच्या महासागरातूनही एकटा माणूस परत आणता येतो. ते ठाऊक नसल्यास किनाऱ्यानजीकची होडीही सापडत नाही. म्हणून पुढील गोष्टींवर भर दिला जातो.

किती जण, कोणत्या दिशेला, कोणत्या मासेमारी क्षेत्रात जात आहेत व केव्हा परतणार आहेत, याची नोंद बंदरावर किंवा मच्छीमार सहकारी संस्थेत करणे. तसेच ती घरच्या माणसांनाही सांगणे.
खलाशी ऐनवेळी बदलल्यास नोंदीत दुरुस्ती करणे.
संकटसूचक यंत्राची नोंदणी करून मालकाचा चालू दूरध्वनी क्रमांक देणे, आणि यंत्र कसे सुरू करावयाचे हे तांडेलाबरोबर प्रत्येक खलाशास शिकवणे.
जीवरक्षक जाकीट केबिनमध्ये न ठेवता अंगावर घालणे.
इंजिन बंद पडल्यास शक्य असेल तेथे नांगर टाकणे. खोल पाण्यात समुद्री नांगर सोडून वहन कमी करणे.
होडी उलटल्यास तिला धरून राहणे, कारण माणसापेक्षा होडी आकाशातून लवकर दिसते.
परतण्याची वेळ उलटताच १५५४ या क्रमांकावर कळवणे. होडी नंतर सुखरूप परतल्यास तेही कळवणे, म्हणजे चालू असलेला शोध थांबवून ती साधने अन्यत्र वापरता येतात.